रिपीटर बोलतो खणखणीत, पण ऐकत नाही – डिसेन्सचा पत्ता कसा लावायचा?

कातळकडा (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,
आमच्या हॅम (हौशी रेडिओवाल्यांच्या) ग्रुपचा टू मीटरचा (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) रिपीटर, म्हणजे लांबचा आवाज ऐकून तोच पुन्हा जोरात बोलणारी पेटी, सह्याद्रीतल्या एका माथ्यावर आहे. गाडीत लावायचे दोन जुने रेडिओ (मोबाइल सेट) पाठीला पाठ लावून बसवलेत, एक ऐकतो एक बोलतो, २५ वॅट, नेहमीचा उणे ६०० किलोहर्ट्झचा ऑफसेट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर), सहा कॅव्हिटीचा (धातूच्या फिल्टर-डब्यांचा) डुप्लेक्सर, जो एकाच अँटेनावर बोलणं-ऐकणं वेगळं ठेवतो, आणि दोघांत मिळून एकच फायबरग्लासची उभी अँटेना. मास्ट १२ मीटरचा जीआय पाइपचा, सगळं सोलर आणि बॅटरीवर. दीड वर्ष इतका सुंदर चालला की खाली तीस किलोमीटरवरच्या गावातून कुणी ५ वॅटच्या हँडीवर (हातातल्या वॉकीटॉकीवर) बोललं तरी सगळ्यांना स्वच्छ ऐकू जायचं.

पावसाळा संपला आणि दुखणं सुरू झालं. लांबचा माणूस बोलायला लागला की रिपीटर उचलतो, अर्धा सेकंद त्याचा आवाज येतो, मग नुसती खरखर, मग स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं दार) बंद, टेल (बोलणं थांबल्यावर ट्रान्समीटर थोडा वेळ चालू राहतो ती शेपटी) पडते, ट्रान्समीटर बंद झाला की परत उचलतो, परत खरखर. असं भात्यासारखं वर-खाली चालू राहतं. जवळच्यांना काहीच त्रास नाही त्यामुळे निम्म्या ग्रुपला हे खरंच वाटत नाही. रिसीव्हर एकटा काढून तपासला, ठणठणीत आहे. म्हणजे आपलाच ट्रान्समीटर सुरू झाला की आपलाच रिसीव्हर बहिरा होतोय, यालाच डिसेन्स म्हणतात.

ग्रुपमध्ये ठरत आलंय की डुप्लेक्सर गेला, वर्गणी काढून नवा घ्यायचा. रक्कम मोठी आहे आणि माझं मन मानत नाहीये. नवा घ्यावा का, की आधी अजून काही तपासायचं राहिलंय?

सोल्डरगन:

भात्यासारखं म्हणजे शंभर टक्के डिसेन्स. आधी पॉवर कमी करून बघा, २५ चे ५ करा. खाली ऐकणाऱ्याला एखाद्या एस युनिटचाच (सिग्नल मीटरवरच्या एका घराचाच) फरक पडेल. आणि रिसीव्हरला एक प्रीअ‍ॅम्प लावून टाका, येणारा सिग्नल आधीच मोठा होईल, कान सुधारतील.

जुनी व्हॉल्व्ह:

सोल्डरगन, पॉवर कमी करून बघणं ठीक, ती चाचणी आहे, पण प्रीअ‍ॅम्प अजिबात नको. शेजारी बँड वाजत असताना कानाला कर्णा लावला तर बँडच मोठा ऐकू येणार. प्रीअ‍ॅम्पमुळे रिसीव्हरच्या पुढच्या टप्प्यात कॅरियर (ट्रान्समीटरचा मूळ सिग्नल) अजून जोरात घुसेल आणि ट्रान्समीटरचा हिस्स (बारीक खरखर) आत येत असेल तर तोही त्याच पटीत वाढेल.

कातळकडा, डुप्लेक्सरच्या स्क्रूंना कुणी हात लावलाय का? खरं सांगा.

कातळकडा:

नाही काका, अजून नाही. पण रविवारी एक जण नॅनोव्हीएनए (फिल्टर-अँटेना तपासायचं छोटं यंत्र) घेऊन वर जाणार आहे "जरा ट्यून करून बघतो" म्हणून.

जुनी व्हॉल्व्ह:

थांबवा त्याला. आजच फोन करा.

भटका ट्रेकर:

मी हॅम नाही, डोंगर बघून धागा उघडला. कुणीतरी इस्कटून सांगेल का? रिपीटर म्हणजे मोबाइल टॉवरसारखंच ना? मग तो स्वतःच्याच आवाजाने बहिरा कसा होईल?

पहाटेचा नेट:

ट्रेकरदादा, मी सांगते. हँडीची लाट सरळ रेषेत जाते, मध्ये डोंगर आला की संपलं. म्हणून माथ्यावर एक पेटी ठेवायची जी एका फ्रिक्वेन्सीवर ऐकते आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात बोलते. "त्याच क्षणी" हेच कळीचं. तुमची हँडी बोलते तेव्हा ऐकत नाही, बटण सोडल्यावर ऐकते. रिपीटरला दोन्ही एकदम करायचं असतं, तेही एकाच अँटेनावर. आपल्याकडे टू मीटरला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी, त्यात दोन फ्रिक्वेन्सींमध्ये अंतर फक्त ०.६ मेगाहर्ट्झ. तू दाराशी उभा राहून ओरडतोयस आणि त्याच वेळी पलीकडच्या डोंगरावरची कुजबुज ऐकायचीय, असं समज.

भटका ट्रेकर:

ताई, आता समजलं. धन्यवाद. राजमाचीच्या वाटेवर धुक्यात ग्रुप दुभंगला होता आणि मोबाइलला रेंज नव्हती तेव्हा हे असं काहीतरी हवं होतं हे फार वाटलेलं.

डीबी मोजणारा:

ताईंच्या उदाहरणाला आकडे देतो, कारण आकडे बघितल्याशिवाय ह्या प्रश्नाचा आवाका कळत नाही.

२५ वॅट म्हणजे अधिक ४४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल). बऱ्या रिसीव्हरला ०.२ मायक्रोव्होल्ट पुरतो, म्हणजे उणे १२१ डीबीएम. फरक १६५ डीबी. एकावर सोळा शून्यं देऊन वर तिपटीहून जास्त, इतक्या पट मोठा आवाज त्याच अँटेनावर आहे.

आता त्रास दोन वेगळ्या वाटांनी होतो आणि लोक त्या एकत्र करतात. पहिली वाट, ट्रान्समीटरचा कॅरियर. तो ६०० किलोहर्ट्झ बाजूला असला तरी इतका दांडगा असतो की रिसीव्हरचा पहिला टप्पा त्याच्या भाराने दबतो. दुसरी वाट, ट्रान्समीटरचा स्वतःचा हिस्स. कुठलाही ट्रान्समीटर फक्त आपल्या फ्रिक्वेन्सीवर बोलत नाही, आजूबाजूला बारीक खरखर सांडत असतो आणि ती थेट रिसीव्हच्या फ्रिक्वेन्सीवर पडते. समजा तो हिस्स ६०० किलोहर्ट्झवर कॅरियरच्या १३५ डीबी खाली आहे, दर हर्ट्झला. १५ किलोहर्ट्झच्या चॅनेलात तो झाला ९३ डीबी खाली, म्हणजे उणे ४९ डीबीएम. रिसीव्हरची स्वतःची नॉइज फ्लोअर (आतल्या खरखरीची पातळी) साधारण उणे १२७ धरा. हिस्स तिच्या ६ डीबी खाली नेला तरी १ डीबी डिसेन्स उरतोच आणि तेवढ्यासाठीच ८४ डीबी आयसोलेशन लागतं. बरोबरीला आला तर ३ डीबी गेले.

म्हणून डुप्लेक्सरच्या दोन बाजू दोन वेगळी कामं करतात. रिसीव्हरकडच्या तीन कॅव्हिटी कॅरियर अडवतात. ट्रान्समीटरकडच्या तीन कॅव्हिटी ट्रान्समीटरचा हिस्स अडवतात, रिसीव्हच्या फ्रिक्वेन्सीवरचा. हे उलटं समजून बसलेले बरेच जण भेटलेत.

इंद्रायणीकाठ:

वाखू (वाचनखूण) साठवली. हे उलटं समजून बसलेल्यांत मी पण होतो, दहा वर्षं.

सोल्डरगन:

प्रीअ‍ॅम्पबद्दल काकांचं मान्य. पण मग त्या हिस्सचं काय करायचं? रिसीव्हरकडे कितीही फिल्टर लावले तरी तो जाणार नाही ना, कारण तो रिसीव्हच्याच फ्रिक्वेन्सीवर आहे.

डीबी मोजणारा:

बरोब्बर! आणि त्यातूनच निदान निघतं. एक जास्तीची कॅव्हिटी हाताशी असेल तर आधी रिसीव्हरच्या वाटेत लावा. सुधारलं तर कॅरियरचा त्रास. मग तीच ट्रान्समीटरच्या वाटेत लावा. तिथे सुधारलं तर हिस्सचा. दोन्हीकडे काहीच फरक पडला नाही तर गडबड डुप्लेक्सरच्या पुढे आहे, म्हणजे जंपर (छोटी जोडकेबल), कनेक्टर, अँटेना, मास्ट, नाहीतर पेटीच्या आत कुठूनतरी गळतंय.

न्यूजर्सीकर:

इकडे आमच्या क्लबचा रिपीटर आहे, त्यावर १४ वर्षं काम करतोय. कातळकडा, तुमची लक्षणं वाचून मला अँटेनाचा संशय येतोय. फायबरग्लासच्या नळीत कोअ‍ॅक्सचे नाहीतर तांब्याच्या सळीचे तुकडे एकाला एक सोल्डर केलेले असतात. वाऱ्याने नळी वाकते, दोन-तीन वर्षांनी एखादा सांधा चिरतो. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळलीय त्याचं माप) छान दिसतो, रिसीव्हला छान चालते, पण २५-५० वॅट गेले की चिरलेल्या सांध्यात बारीक ठिणग्या आणि त्यांची खरखर थेट रिसीव्हरमध्ये. म्हणून इकडे बरेच क्लब नळीवाली सोडून उघड्या फोल्डेड डायपोलच्या अँटेनांकडे गेले, डीबी-२२४ सारख्या, चार डायपोल मास्टला बाजूने. सगळं डोळ्यांना दिसतं आणि सगळं डीसी ग्राउंडला.

इंद्रायणीकाठ:

उघड्या डायपोलवर माकडं लोंबकळतील हो आमच्याकडे.

न्यूजर्सीकर:

इकडे बर्फ लोंबकळतो :)

जुनी व्हॉल्व्ह:

अंदाज पुरेत. कातळकडा, खर्च न करता पहिली चाचणी सांगतो. वर जा. रिसीव्हरचा स्क्वेल्च पूर्ण उघडा, टोन बंद, स्पीकरवर ऐका. खाली कुणाला तरी हँडी घेऊन अशा जागी उभं करा की त्याचा आवाज जेमतेम, निम्म्या खरखरीत येतोय. ट्रान्समीटर आपोआप उचलू देऊ नका, हाताने चालू-बंद करा. चालू केल्यावर खरखर वाढली म्हणजे डिसेन्स. बाकी काही मोजायला नसेल तरी कान पुरतात.

दुसरी चाचणी. डुप्लेक्सरच्या अँटेना पोर्टला अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर गिळून टाकणारा, बाहेर न फेकणारा भार) लावा. ह्याला सिग्नल जनरेटर लागेल. टी कनेक्टर घ्या, त्याच्या एका फाट्याची मधली पिन थोडी कापा म्हणजे ती पलीकडे टेकणार नाही, त्या फाट्यातून जनरेटरचा सिग्नल सोडा. हा टी अँटेना पोर्ट आणि डमी लोडच्या मध्ये. पिन कापल्यामुळे सिग्नल अगदी थोडा आत जातो आणि ट्रान्समीटरची पॉवरही जनरेटरकडे थोडीच येते, तरी जनरेटरच्या आधी सिग्नल पाडणारा अ‍ॅटेन्युएटर हवाच. मग १२ डीबी सिनाडला (आवाज खरखरीतून ठरावीक इतका वर यायला) किती मायक्रोव्होल्ट लागतात, जितके कमी तितका कान चांगला, ते ट्रान्समीटर बंद आणि चालू, दोन्ही वेळा लिहा. डमीवर फरक नाही आणि अँटेनावर आहे, तर डुप्लेक्सर निर्दोष. डमीवरही आहे, तर दोष खोलीच्या आत.

हे केल्याशिवाय नवा डुप्लेक्सर आणणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सोल्डरगन:

नॅनोव्हीएनए ने डुप्लेक्सर ट्यून का करायचा नाही पण? मी एक केलाय, बरा चाललाय.

डीबी मोजणारा:

एकेक कॅव्हिटी सुटी काढून केली तर चालतं, एका कॅव्हिटीचा नॉच (नको त्या फ्रिक्वेन्सीवरचा खोल खड्डा) ३० डीबीच्या आसपास, तो दिसतो. पण तिन्ही जोडल्यावर ८०-९० डीबी खोल बघायचं आणि त्या खेळण्याची नजर साधारण ७० डीबीपर्यंतच. त्याच्या खाली काय चाललंय ते दिसतच नाही, तळ सपाट दिसतो आणि माणूस खूश होऊन स्क्रू आवळून टाकतो. शिवाय कॅव्हिटींमधल्या केबलच्या लांबीला हात लावायचा नाही. पाव तरंगलांबीच्या हिशोबाने त्या कापलेल्या असतात, १४५ मेगाहर्ट्झला प्रकाशाच्या ०.६६ पट वेगाच्या केबलीत पाव म्हणजे साधारण ३४ सेंटीमीटर, त्यात कनेक्टरही धरायचे. कुणीतरी "जरा लांब पडतेय" म्हणून छाटली की गेलं.

इंद्रायणीकाठ:

माझाच अनुभव. आम्ही एकदा डुप्लेक्सर वॅटमीटर बघत ट्यून केला, जिथे पॉवर जास्त दिसते तिथे स्क्रू आवळले. पॉवर मस्त, नॉच कुठच्या कुठे. रिपीटर मुंबईपर्यंत ऐकू यायचा आणि त्याला मात्र समोरच्या टेकडीवरचा माणूस ऐकू यायचा नाही. हॅम मंडळी अशा रिपीटरला अ‍ॅलिगेटर म्हणतात, तोंड मोठं कान बारीक. परत जागेवर आणायला तीन रविवार गेले. तेव्हापासून आधी मोजतो, मग हात लावतो.

नवखा ऑपरेटर:

मला एक कळत नाही, एवढी उस्तवार कशाला? एकोलिंकवर इंटरनेटने बोललं तर जगभर बोलता येतं, ना डोंगर ना डुप्लेक्सर.

पहाटेचा नेट:

नवखेदादा, इंटरनेट आहे तोवर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी अंधेरीला होते. फोन लागत नव्हते, घरच्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं मी कुठे आहे ते. त्याच्या आधीच्या डिसेंबरात अंदमानला भारती प्रसाद आणि त्यांची टीम हौसेच्या रेडिओ मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होती आणि त्सुनामी आली. त्यांनी त्याच सेटवरून निरोप पोचवायला सुरुवात केली. ते वाचून मी हॅम लायसन्सच्या परीक्षेला बसले. मला रिपीटर छंदासाठी आवडतोच, पण तो ज्या दिवशी लागेल त्या दिवशी वारा-पाऊस असणारच आहे आणि नेमका वारा-पावसातच बहिरा होणारा रिपीटर मला चालणार नाही. लांबच्या खेड्यातला ५ वॅटवाला हाच खरा माणूस, जवळच्याला रिपीटर लागतच नाही.

नवखा ऑपरेटर:

ताई, मुद्दा पटला. मी पण येतो पुढच्या वेळी वर, बॅटरी उचलायला.

कातळकडा:

ताईंचा प्रतिसाद ग्रुपवर चिकटवलाय. रविवारची ट्यूनिंग मोहीम रद्द. ओळखीच्या एकाने त्याचा सिग्नल जनरेटर द्यायचं कबूल केलंय. टी कनेक्टरची पिन आज कापली.

भटका ट्रेकर:

अवांतर: बॅटरी वर कशी नेता? रस्ता आहे का?

कातळकडा:

अवांतराला उत्तर: पाऊण वाट जीप, मग दीड तास पायी. काठीला झोळी करून दोघांत. शेवटच्या वाडीतले एक आजोबा आणि त्यांचा नातू नेहमी हात लावतात, त्यांच्या घरी पिठलं-भाकरी असते.

भटका ट्रेकर:

मी येतो. पिठल्यासाठी नाही, बॅटरीसाठी.

इंद्रायणीकाठ:

दोन्हीसाठी या, लाजू नका.

डबा घरातली कॅव्हिटी:

डुप्लेक्सर निर्दोष धरायच्या आधी एक विचारतो, खोली पत्र्याची आहे का? आमच्याकडे दुपारी डिसेन्स, रात्री गायब, असा प्रकार होता. कॅव्हिटीच्या आतली सळी साध्या पितळेची होती. पितळ दर डिग्रीला दहा लाखात १९ भाग वाढतं. ३० डिग्रीचा फरक पडला तर १४५ मेगाहर्ट्झला साधारण ८० किलोहर्ट्झ सरकतं, नॉच इतका सुईसारखा बारीक की मेला. चांगल्या कॅव्हिटीत इन्व्हार नावाच्या मिश्रधातूची सळी असते, ती जेमतेम सव्वा भाग वाढते, म्हणजे ५-६ किलोहर्ट्झ. आम्ही शेवटी पत्र्याखाली थर्माकोल आणि वर पांढरा रंग लावला.

कातळकडा:

खोली दगडी आहे, आणि त्रास दुपार-रात्र बघत नाही. पण तुमच्यामुळे नोंदी परत चाळल्या. वारा असला की जास्त. सलग दोन दिवस वारा पडला होता तेव्हा जवळपास नीट चालला होता!

न्यूजर्सीकर:

वाऱ्यावर अवलंबून म्हणजे काहीतरी हलतंय. अँटेना, अँटेना.

सोल्डरगन:

किंवा गंजका बोल्ट. दोन गंजलेले तुकडे डायोडसारखे वागतात आणि इंटरमॉड (सिग्नल मिसळून बनणारे नको ते नवे सिग्नल) तयार होतं.

डीबी मोजणारा:

इंटरमॉडला किमान दोन सिग्नल लागतात. डोंगरावर दुसरा कुठला ट्रान्समीटर नसेल तर एकट्या कॅरियरपासून ६०० किलोहर्ट्झ खाली काहीही तयार होत नाही, गंज असो वा नसो. गंजका सांधा दोषी ठरवायच्या आधी दुसरा सिग्नल दाखवा.

जुनी व्हॉल्व्ह:

डीबी, गणित बरोबर, निष्कर्ष अर्धा. तुमचा सांधा स्थिर आहे असं तुम्ही धरलंत. हलता सांधा टेकतो-सुटतो, त्यात बारीक ठिणग्या पडतात, कॅरियरचा प्रवाह झटक्याझटक्याने तुटतो आणि त्याची खरखर मेगाहर्ट्झभर पसरते. त्याला दुसरा सिग्नल लागत नाही. वाऱ्याने वाढणारा आणि कान देऊन ऐकला तर कडकड करणारा डिसेन्स मी आयुष्यात तीनदा पाहिलाय, तिन्ही वेळा सुटा सांधाच निघाला. एकदा अँटेनाच्या आत, एकदा पीएल कनेक्टरच्या न सोल्डरलेल्या वेणीत आणि एकदा मास्टवर टांगलेल्या मोकळ्या साखळीत.

डीबी मोजणारा:

काका, हे मान्य. ठिणगीचा भाग मी सोडूनच दिला होता.

कातळकडा:

मंडळी, काल वर जाऊन आलो. आम्ही पाच जण, त्यात आपले भटका ट्रेकर आणि नवखा ऑपरेटर दोघंही. सगळे आकडे १२ डीबी सिनाडचे, टीची गळती वजा करून.

डमी लोड, ट्रान्समीटर बंद: ०.२२ मायक्रोव्होल्ट.
डमी लोड, ट्रान्समीटर चालू: ०.२५.
अँटेना, ट्रान्समीटर चालू: ०.९ ते १.६, सुई एका जागी थांबतच नव्हती.

म्हणजे डुप्लेक्सरवर १ डीबीच्या आसपास डिसेन्स, बिचारा पहिल्या दिवसापासून नीट काम करतोय आणि आम्ही त्याला भंगारात काढायला निघालो होतो. स्पीकरवर वाऱ्याच्या झोताबरोबर कडकड स्पष्ट येत होती, व्हॉल्व्हकाकांनी लिहिलंय अगदी तशी.

जुनी व्हॉल्व्ह:

अँटेना लावून ट्रान्समीटर बंद, हा आकडा कुठाय? अँटेना लावली की बाहेरचा गोंगाटही आत येतो, सोलरच्या चार्ज कंट्रोलरचा, खालच्या गावातल्या एलईडी दिव्यांचा. तो डिसेन्स नव्हे. तुलना त्याच्याशी करायची.

कातळकडा:

घेतला होता काका, लिहायचा राहिला. ०.२७. म्हणजे खरा डिसेन्स १० ते १५ डीबी.

डीबी मोजणारा:

०.९ ला १०.५ आणि १.६ ला १५.५. पाच वॅटच्या हँडीला पाव वॅट करून टाकलं म्हणायचं, वाईट झोतात त्याहूनही कमी.

कातळकडा:

पुढे. खोलीतून हार्डलाइनपर्यंत (मास्टवर चढणाऱ्या जाड, टणक केबलपर्यंत) जाणारा दोन मीटरचा जंपर हलवला की कडकड वाढत होती. तो अ‍ॅल्युमिनियमचा फॉइल आणि त्यावर मुलामा दिलेली तांब्याची वेणी अशा जातीच्या केबलचा आहे, आम्हीच "लॉस कमी" म्हणून लावलेला. तो काढून आरजी-२१४ चा बनवला, एन कनेक्टर लावून. आकडा आला ०.५५. निम्म्याहून बरं, पण उरला ६ डीबी. तोवर चार वाजले, ढग आले, उतरलो.

न्यूजर्सीकर:

तो फॉइलवाला प्रकार एकाच दिशेच्या कामाला उत्तम असतो, पण जिथे एकाच केबलमधून एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं आहे तिथे नको. फॉइल आणि वेणी दोन वेगळे धातू, एकमेकांवर नुसते टेकलेले, वाकवलं-हलवलं की हजारो सुटे सांधे. आरजी-२१४ ला चांदीचा मुलामा दिलेल्या दोन वेण्या असतात, तिथे हा प्रश्न येत नाही. डुप्लेक्सर ते सेट ह्या तुकड्यांनाही दुहेरी वेणीचीच लावा, आरजी-२२३ नाहीतर आरजी-४००.

उरलेला ६ डीबी अँटेनाचा. माझं घोडं तिथेच अडलंय.

जुनी व्हॉल्व्ह:

पुढच्या वेळी डमी लोड हार्डलाइनच्या वरच्या टोकाला लावा, अँटेनाच्या जागी. तिथे ०.२५ आला तर केबल आणि खालचे सगळे कनेक्टर सुटले. वीज-निरोधक (आकाशातल्या विजेपासून वाचवणारा) लावलाय का केबलमध्ये? त्याची गॅस ट्यूब दमली की तीही खरखर करते.

कातळकडा:

लावलाय, खोलीच्या भिंतीपाशी.

सोल्डरगन:

मास्टवर कोण चढणार?

नवखा ऑपरेटर:

मी. हार्नेस आहे माझ्याकडे, क्लाइंबिंग करतो.

पहाटेचा नेट:

ट्रान्समीटरचा फ्यूज काढून खिशात ठेवून मगच चढायचं. आणि आकाशात ढग दिसला तर परत फिरायचं, तिथवर आलोय म्हणून चढायचं नाही. उत्तर म्हणून "हो ताई" एवढंच लिही.

नवखा ऑपरेटर:

हो ताई.

इंद्रायणीकाठ:

निकाल येईपर्यंत एक अवांतर. आपल्या गल्लीत यूएचएफला (त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्टीला) एवढा त्रास का होत नाही हे कुणी लिहिलं नाही. तिथे आपल्याला ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ, ऑफसेट दीड-दोन मेगाहर्ट्झ ठेवता येतो आणि कॅव्हिटीही लहान. टू मीटरला ६०० किलोहर्ट्झ म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

सोल्डरगन:

किंवा टू मीटरलाच दोन अँटेना, एक वर एक खाली. उभ्या दिशेत १० मीटर अंतर ठेवलं तर ५५ डीबी आयसोलेशन फुकट मिळतं, उरलेल्या तीसेक डीबीला थोड्या कॅव्हिटी पुरतात.

डीबी मोजणारा:

५५ चा हिशोब बरोबर आहे, पण आडवं तेवढं मिळवायला ९० मीटर जावं लागेल. आणि कातळकडांचा मास्टच १२ मीटरचा, खालची अँटेना झुडपात.

कातळकडा:

मंडळी, सापडलं.

शनिवारी पहाटे निघालो, आकाश निरभ्र, वारा भरपूर, म्हणजे चाचणीला हवा तसाच. नवखा ऑपरेटर चढला (फ्यूज माझ्या खिशात, ताई). हार्डलाइनच्या वरच्या टोकाला डमी लोड: ०.२५. केबल, कनेक्टर, वीज-निरोधक सगळे सुटले. परत अँटेना लावली: ०.५५, आणि झोत आला की ०.७.

आता न्यूजर्सीकरांचंच खरं असं मी मनात धरलं होतं आणि नवी अँटेना कुठून आणायची ह्याची चिंता करत होतो. तेवढ्यात वाडीतला नातू म्हणाला, "दादा, ती तार वाजतीया बघा." हार्डलाइन मास्टला बांधायला आम्ही दीड वर्षापूर्वी बांधकामाची बाइंडिंग वायर वापरली होती, दर दोन फुटांवर तीन वेढे. पावसात ती गंजली, सैल झाली, आणि अँटेनाच्या बुडाशी वरचे दोन वेढे वाऱ्यात जीआय पाइपवर घासत होते. अँटेनाच्या सगळ्यात जवळ, म्हणजे २५ वॅटच्या ऐन झोतात. डमी लोड लावला की तिथे रेडिएशनच नाही, म्हणून तारही गप्प.

नवख्याने वरून खालपर्यंत सगळी तार कापली आणि काळ्या नायलॉनच्या पट्ट्या लावल्या. अँटेनाचा क्लॅम्प सोडून, घासून, परत आवळला. नंतर मोजलं, भर वाऱ्यात: ०.३०, सुई जागेवर. म्हणजे १ डीबीसुद्धा नाही.

न्यूजर्सीकर, अँटेना वाचली हो.

न्यूजर्सीकर:

हरलो आणि मनापासून आनंद झाला. बाइंडिंग वायर मी स्वप्नातही धरली नसती, इकडे ती मास्टच्या आसपास कुणी आणत नाही. त्या नातवाला माझ्याकडून शाबासकी द्या.

डीबी मोजणारा:

माझ्या पहिल्या लांबलचक प्रतिसादात मास्टचा फक्त उल्लेख आहे आणि तार तर कुठेच नाही. वहीत लिहून ठेवतोय.

जुनी व्हॉल्व्ह:

छान काम केलंत पोरांनो. आता दोन गोष्टी. कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप, ताणून, खालून वर, म्हणजे पाणी पन्हाळीसारखं निथळतं, आणि तिच्यावर साधी काळी टेप, नाहीतर ऊन रबर खातं. दुसरं, आजचे सगळे आकडे तारखेसह कागदावर लिहून खोलीत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या पावसाळ्यानंतर वर जाल तेव्हा तुलनेला काहीतरी हवं.

सोल्डरगन:

मग मूळ प्रश्न? वर्गणी काढायची का नाही?

कातळकडा:

डुप्लेक्सरसाठी नाही. जी वर्गणी जमली होती ती परत द्यायला निघालो तर बहुतेकांनी "राहू दे" म्हटलं. त्यातून एक जास्तीची बॅटरी आणि वाडीतल्या आजोबांच्या घरी एक बेस सेट असं ठरतंय. नातवाला हॅमच्या परीक्षेला बसायचंय म्हणतो. ताई, त्याच्या अभ्यासाचं बघाल का?

पहाटेचा नेट:

बघते म्हणजे काय, उद्यापासून. त्याला सकाळी सहाला नुसतं ऐकायला सांग, लायसन्स नसलं तरी ऐकायला शिकायचं.

आणि आजच्या नेटची (रेडिओवर सगळ्यांनी जमायच्या सकाळच्या हजेरीची) नोंद इथे लिहून ठेवते. ६ वाजून १२ मिनिटांनी खालच्या खोऱ्यातले आपले मास्तर आले, हँडीवर, घराच्या ओसरीवरून. ऑक्टोबरपासून त्यांचं एक वाक्य पूर्ण ऐकलं नव्हतं मी. आज त्यांनी त्यांच्या भाताचं, गुडघ्याचं आणि नातीच्या बारशाचं सगळं सांगितलं, चार मिनिटं, एकदाही तुटलं नाही.

इंद्रायणीकाठ:

मी पण ऐकत होतो. बारशाला पेढे आणतो म्हणालेत ते, विसरू नका.

भटका ट्रेकर:

परीक्षेचा फॉर्म कुठे मिळतो? दोन जागा धरा, एक माझी.